सोसेल तेवढा उजेड

नगरमध्ये आता अंधार करावा लागतो. तो आपणहून येत नाही. खिडक्यांना जाड चादरी टांगायच्या, दाराखालची फट पायपुसण्याने बुजवायची, इन्व्हर्टरचा तांबडा ठिपका आणि राऊटरचे लुकलुकणारे हिरवे डोळे झाकायचे, आणि एवढं करूनही रस्त्यावरच्या नव्या खांबाचा पांढरा, गार, कुणालाच न ओळखणारा उजेड कुठल्यातरी फटीतून आत शिरून फरशीवर रेघ ओढतोच. माझ्या लहानपणी असं नव्हतं. संध्याकाळची वीज जायची आणि माळीवाड्यापासून दिल्ली दरवाजापर्यंत सगळं गाव एका श्वासात काळं व्हायचं. गच्चीवर सतरंज्या पडायच्या, पूर्वेकडे चांदबिबी महालाचा डोंगर आभाळाहून जरासा गडद उमटायचा, खाली कुठेतरी सायकलची घंटी आणि एखाद्या घरातला कंदील हलत जायचा, आणि आजी पदराने वारा घेत म्हणायची, आता कसं, डोळ्यांना बरं वाटतं.

अंधार तेव्हा फुकट होता.

प्रोजेक्टरला उजेडाइतकाच अंधारही लागतो. खोलीत तर लागतोच, पण त्याच्या पोटातही लागतो. फीत एका चित्रावरून दुसऱ्या चित्रावर सरकते तेवढ्या क्षणापुरती एक फिरती पाकळी दिव्यासमोर आडवी येते, उजेड तोडते, पुन्हा सोडते, पुन्हा तोडते. सेकंदाला अठरा चित्रं आणि त्यांच्या मधेमधे अंधाराचे तुकडे. आपल्याला वाटतं आपण सलग बघतोय. आजी ओसरीवरून उतरली, चालत आली, निंबाखाली बसली, हसली. खरं म्हणजे त्या वेळातला मोठा हिस्सा भिंतीवर कुणीच नव्हतं.

डोळ्यांनीच तिला जोडून घेतलं.

काकांचा प्रोजेक्टर जपानी आहे, एल्मो कंपनीचा, सुपर आठ फितीचा, आवाजासहितचा. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस काका कुवेतहून सुट्टीवर आले तेव्हा ज्यांची माणसं आखातात होती त्या घरांत टेपरेकॉर्डर उतरत होते, फॉरेनच्या साड्या उतरत होत्या. आमच्याकडे हा उतरला, आणि त्याच्यासोबत एक कॅमेरा. पुढे दर सुट्टीत काका कॅमेरा डोळ्याला लावूनच हिंडले. मढीच्या यात्रेतला गाढवांचा बाजार, पाथर्डीच्या वाटेवरचं उन्हाने पांढरं पडलेलं माळरान, लोणीकडे कारखान्याला निघालेल्या उसाच्या बैलगाड्यांची न संपणारी रांग, आत्याच्या लग्नातली हळद, आणि पुन्हा पुन्हा आजी. झाकण उघडलं की अजून तोच वास येतो. यंत्राचं तेल, तापलेल्या धुळीचा करपट दर्प, आणि खालच्या खोक्यातल्या रिळांचा अगदी हलका आंबूसपणा, ज्याला मी मनातून भिते, कारण फीत आतून कुजू लागली की पहिली वर्दी वासाकडूनच येते.

मागच्या पावसाळ्यात प्रोजेक्टरचा दिवा गेला. आजी निंबाखाली बसली होती, मान वळवत होती, हसू ओठांच्या कडेला येऊन थांबलं होतं, आणि एकाएकी भिंतीवर निळसर पांढरा झगझगाट झाला, पेटीत बारीकसा टक् असा आवाज आला, आणि सगळं मिटलं. पण फीत चालत राहिली. सुपर आठच्या आवाजाच्या फितीला काठाशी एक तपकिरी चुंबकी पट्टी असते. तिला दिव्याची गरज नसते. त्या मिट्ट काळोखात काकांचा आवाज, चाळिशीही न गाठलेला, खणखणीत, आमच्यात फिरत राहिला. ‘आई, इकडं बघ. अगं, इकडं. माझ्याकडं बघ.’ मी बटणाकडे हात नेला तशी काकू अंधारातून म्हणाल्या, ‘राहू दे. बंद करू नकोस.’

आवाज संपेपर्यंत आम्ही तशाच बसलो.

मग शोध सुरू झाला. जळालेला दिवा मी हातरुमालात गुंडाळून पिशवीत घेऊन फिरू लागले. पाच सेंटीमीटर तोंडाची काचेची चकचकीत खोलगट वाटी, तिच्या मध्यात बोटाच्या पेराहून लहान कुपी, कुपीत तुटलेल्या तारेची दोन टोकं एकमेकांकडे बघत उभी. पाठीवर कोरलेलं: ईएफआर, १५ व्होल्ट, १५० वॅट. चितळे रोड, कापड बाजार, पुढे आशा टॉकीज चौकापर्यंत मी ती वाटी दुकानादुकानांत काउंटरवर ठेवत गेले. नगरचा दुकानदार ‘नाही’ असं सहसा म्हणत नाही. तो दुसरं काहीतरी काढून दाखवतो, आणि मनापासून दाखवतो. एकाने २४ व्होल्ट २५० वॅटचा दिवा पुढे केला. ताई, हा मोठा, जास्त उजेड देईल. दुसऱ्याने १२ व्होल्ट १०० वॅटचा दिला. पिना तर बसतायत की! तिसऱ्याने एलईडी काढला. हा घ्या, वीजही वाचेल, कधी जाणारही नाही.

तेव्हा मी बारकाईने शिकले. १५ व्होल्टच्या यंत्रात २४ व्होल्टचा दिवा, पिनांचं अंतर जमवून कसाबसा बसवला तरी, नुसता धुगधुगत राहतो, तांबूस निखाऱ्यागत. अंगावरचा आकडा मोठा आणि भिंतीवरचा उजेड पाचव्या हिश्शाचा. १२ व्होल्टचा मात्र बसतो, आणि असा काही पेटतो की आपण हरखून जावं, दुपटीने लख्ख, आणि आपलं सगळं आयुष्य दोनचार तासांत उधळून जातो. एलईडीचा प्रश्न त्याहून वेगळा. त्याचा उजेड एका बिंदूतून निघत नाही, पसरट चकतीतून निघतो, आणि सुपर आठच्या चित्राची चौकट जेमतेम साडेपाच मिलिमीटर रुंद आणि चार मिलिमीटर उंच. एवढ्याशा खिडकीतून तो सगळा उजेड गोळा होऊन आरपार जात नाही, अलीकडेच विखरून संपतो. त्या चौकटीत आख्खं अंगण आहे, निंब आहे, बांधलेली शेळी आहे, आणि आजीचा चेहरा ज्वारीच्या दाण्याहून लहान आहे. शिवाय तो उजेड निळा. काकांच्या फिती कोडॅक्रोमच्या. ते रंग ३२००-३४०० केल्विनच्या, किंचित पिवळसर उबेच्या उजेडात बघायचे म्हणूनच जुळवलेले. निळ्या उजेडात आजीचं लुगडं नव्हे, आजीच परकी दिसते. गेलेल्या माणसांना भलत्याच उजेडात उभं करणं मला अपमानाचं वाटतं. हे मी दुकानात बोलले नाही, पण एलईडी हातात घेतला आणि परत ठेवला तो एवढ्याचसाठी.

या अडचणीत मला फाळके सारखे आठवत. आमच्या जिल्ह्याला लागूनच नाशिक जिल्हा, त्यातल्या त्र्यंबकेश्वरचे ते. १९११ साली मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि ते झपाटले. कुठून कुठून फितींचे तुकडे मिळवले आणि रात्री घरात मेणबत्तीचा उजेड भिंगावर धरून ती चित्रं भिंतीवर पाडत बसू लागले. तासन् तास, रात्रीमागून रात्री. झोप गेली, डोळे गेले. काही काळ दिसेनासंच झालं, आणि डॉक्टरांनी उपचारांनी ती दृष्टी परत आणली. मग लंडन, मग कॅमेरा, मग १९१३चा ‘राजा हरिश्चंद्र’. पुढचं सगळं जगाला ठाऊक आहे. माझं मन मात्र त्या मेणबत्तीपाशीच थांबतं. भिंतीवर काय उमटत असेल? वितभर, मंद, ज्योत हलली की हलणारं, जवळजवळ नसल्यासारखंच काहीतरी. आणि त्याच्याकडे एक माणूस डोळे जाईपर्यंत बघत राहिला. त्याच्याही आधी, १८९०च्या दशकात, कल्याणचे पटवर्धन पितापुत्र काचेवर हाताने रंगवलेल्या चित्रांमागे दिवा लावून ‘शांबरिक खरोलिके’चे खेळ करत होतेच. माणसाने भिंतीवर आपली माणसं बघायची एवढी घाई का केली असेल, हे मला पुस्तकांतून कळलं नाही. काकू बघताना कळलं.

आणि तंबू! आमच्या गावच्या जत्रेत टुरिंग टॉकीज यायची. ट्रकमध्येच यंत्र बसवलेलं, त्यातून निघणारा झोत लोकांच्या डोक्यांवरून धूळ, विड्यांचा धूर आणि पाखरं उजळत पडद्याकडे जायचा. तिथे बल्ब नसायचाच. कार्बनच्या दोन कांड्या टोकाला टोक भिडवून जराशा दूर केल्या की मधल्या फटीत विजेची कमान पेटायची, नुसत्या डोळ्यांनी बघू नये अशी पांढरी. कांड्या जळून आखूड व्हायच्या आणि ऑपरेटर काळ्या काचेतून बघत त्या सारखा पुढे सरकवायचा. तो क्षणभर पेंगला तर पडद्यावरची नायिका सावळी पडत जायची आणि मागून शिट्ट्या यायच्या. जळून उरलेले कार्बनचे तुकडे सकाळी आम्ही पोरं वेचायचो आणि शाळेच्या ओट्यावर त्यांनी नावं लिहायचो. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातल्या शेवटच्या फिरत्या तंबूंवर केलेला ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ साली कान महोत्सवात गेला. तो बघताना मला गोष्टीपेक्षा यंत्रांचीच जास्त माया वाटली. दिव्याशेजारी उभ्या माणसाच्या चेहऱ्यावर पडतो तो उजेड सिनेमातला नसतो. तो सांडलेला, यंत्राच्या फटींतून गळालेला उजेड असतो. काकांचा चेहरा मला आठवतो तो याच उजेडात.

दिवा शेवटी सापडला तो मी कधी गेलेच नसते अशा ठिकाणी. पुण्याच्या तपकीर गल्लीत एका म्हाताऱ्या कारागिराने माझी वाटी दिव्याखाली धरली, फिरवली, आणि म्हणाला, ‘सिनेमावाल्यांकडं कशाला शोधता? सर्जिकलवाल्यांकडं बघा. दुर्बीण घालून पोटात बघतात ना, त्या मशिनला हाच लागतो.’ आणि खरंच, सावेडीत एका सर्जिकलच्या दुकानात, चाकाच्या खुर्च्या आणि बेडपॅन यांच्या मागे, धुळकट कपाटात तो होता. छोट्या पांढऱ्या खोक्यात. ईएफआर, १५ व्होल्ट, १५० वॅट. काकांच्या पोटात शेवटच्या दिवसांत डॉक्टरांनी ज्या उजेडाने पाहिलं तो अशाच एखाद्या वाटीतून काचतंतूंच्या दोरीत शिरला असेल. एकाच जातीचा दिवा. एकीकडे तो माणसाच्या आत, ओल्या गुलाबी काळोखात दुखणं शोधत वळणं घेतो. दुसरीकडे त्याच माणसाने काढलेल्या फितीतून आरपार जाऊन त्याचं अंगण भिंतीवर मांडतो. दुकानदाराने विचारलं, ‘कुठल्या हॉस्पिटलसाठी?’

मी म्हटलं, घरासाठी.

नवी कुपी बोटांनी धरायची नाही. कातडीचं तेल काचेला लागलं तर त्या जागी काच तापून धुरकटते, फुगते. म्हणून वाटीच्या कडेने, स्वच्छ फडक्यात. कुपीत टंगस्टनची तार आणि चिमूटभर हॅलोजन वायू. १९५९ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकला या युक्तीचं पेटंट मिळालं तेव्हापासून ती तशीच आहे. पेटलेल्या तारेतून टंगस्टनचे कण सुटतात. ते काचेवर बसून तिला काळी करणार, एवढ्यात वायू त्यांना उचलून परत तारेवर आणून सोडतो. पण जिथून सुटला तिथेच कण परत येईल असं नाही. एक जागा भरत जाते, दुसरी बारीक होत जाते, आणि पन्नासएक तासांनी त्या बारीक जागी तार तुटते. हे वाचलं त्या दिवशी मला बराच वेळ दुसरं काही करता आलं नाही. आमच्या घरातल्या आठवणीही अशाच परततात. आजीचं बोलणं आत्याच्या तोंडी, काकांची चिडकी शीळ माझ्या भावाच्या ओठांवर, आणि जिथून ते निघालं ती जागा मात्र रोज थोडी अधिक बारीक.

त्या वाटीच्या आतल्या बाजूला एक लेप असतो. दिसणारा उजेड तो पुढे परतवतो आणि उष्णता मागच्या मागे सोडून देतो, जिथे पंखा असतो. दिव्यातून निघणाऱ्या शक्तीत उजेड थोडका आणि आगच फार, म्हणून ही तजवीज. आगीवाचून उजेड मी एकदाच पाहिला आहे. भंडारदऱ्याला, पावसाच्या तोंडावर, रतनवाडीच्या वाटेवर. हिरडा, बेहडा, सादडा, आख्खी झाडं काजव्यांनी भरलेली, आणि एक झाड विझलं की शेजारचं पेटायचं, जणू कुणी एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर काही कळवत होतं. काका सुट्टीवर होते. त्यांनी आख्खं रीळ त्या झाडांवर घातलं. कोडॅक्रोम ४० ही मंद फीत, तिला उन्हं लागतात. काजवे तिच्या गावीही नव्हते. रीळ परदेशातून धुऊन आलं ते नखशिखांत काळं. पण पट्टीवर आवाज होता. तीन मिनिटं नुसते आवाज. काकांनी ते रीळ टाकलं नाही. डबीवर निळ्या शाईने लिहिलं, ‘काजवे’.

दिवा बसवला, खोलीत अंधार रचला, चादरी टांगल्या. प्रोजेक्टरच्या पाठीशी व्होल्टेजची एक चकती असते. आपली वीज २३० ची, आणि चकतीवर २२० आणि २४०. २२० वर ठेवली तर दिव्याला थोडी जास्त ताकद मिळते, तो पांढरा लख्ख जळतो आणि आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं. २४० वर ठेवली तर उजेड थोडा उतरतो, जरा पिवळा होतो, आणि दिवा दीडपटीहून जास्त टिकतो. मी काही विचार न करता २४० वर ठेवली. जपून वापरण्याच्या घरात वाढलेल्या हाताने तेच केलं असतं. पिवळेपणा मला आवडलाही. त्या उजेडात अंगण संध्याकाळचं वाटू लागलं, आणि मी मनाशी ठरवून टाकलं की हाच खरा उजेड, गेलेल्या माणसांना सोसेल एवढाच.

सोसण्याचा विचार या फितीपाशी सुटत नाही. चालती आहे तोवर तिला हा जाळ बाधत नाही. एकेक चित्र सेकंदाचा अठरावा भाग दिव्यासमोर येतं आणि निसटतं. ती अडकली, एका जागी थांबली, तर मात्र बघता बघता तो चेहरा तपकिरी होतो, त्यावर फोड येतो, आणि फोडातून भिंतीवर कोरा उजेड फाटून येतो. म्हणून मोटर आधी, दिवा नंतर. बंद करताना दिवा आधी, पंखा मागून. काकांनी हे इतक्या वेळा बजावलं आहे की माझे हात ते त्यांच्याच क्रमाने करतात.

काकू आता ऐंशीच्या पुढच्या आहेत. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालेली. खुर्ची भिंतीजवळ ओढून त्या बसल्या होत्या, मान पुढे काढून. आजी ओसरीवरून उतरली. निंबाखाली आली. या खेपेला हसली.

‘अंधूक दिसतंय गं.’

मी त्यांना चकतीचं सांगितलं. दिवा जास्त टिकावा म्हणून मुद्दाम मंद ठेवलाय, असा दुसरा मिळेल न मिळेल.

‘किती टिकंल?’

‘पन्नास तास. असा ठेवला तर आणखी पुष्कळ.’

‘आणि रिळं किती तासांची?’

मी गप्प झाले. खोक्यातली सगळी रिळं मिळून तासभरही भरत नाहीत. आजी, यात्रा, उसाच्या गाड्या, आत्याची हळद, काकांनी दर सुट्टीत साठवलेला सगळा संसार तासाच्या आतला. आणि मी पन्नास तासांचे शंभर करायला निघाले होते.

‘लख्ख कर,’ काकू म्हणाल्या. ‘राखायचं कुणासाठी आता? मला सासूबाईंच्या कपाळावरचं गोंदण बघायचंय.’

मी दिवा बंद केला, पंखा थोडा वेळ चालू ठेवला, मग प्लग काढून चकती २२० वर फिरवली. पुन्हा फीत लावली. भिंत उजळली तशी निंबाची पानं सुटी सुटी झाली, शेळीच्या कानातलं पांढरं दिसलं, लुगड्याचा जांभळा रंग काठाच्या हिरव्यापासून वेगळा झाला, आणि आजीने मान वर केली तेव्हा दोन भुवयांच्या मधे, कुंकवाच्या खाली, तो हिरवट ठिपका. आम्ही तो विसरूनच गेलो होतो. काकू उठून भिंतीपाशी गेल्या. त्यांची सावली आजीच्या अर्ध्या अंगावर पडली आणि आजीचं उरलेलं अर्धं लुगडं काकूंच्या पाठीवर.

‘आता काजव्यांचं लाव.’

‘काकू, त्यात काही दिसत नाही.’

‘लाव तू.’

लावलं. काळ्या फितीतून जेमतेम राखेच्या रंगाचा उजेड आला, त्यात धुळीचे दोनचार कण नाचत होते, आणि रातकिड्यांच्या एकसुरी आवाजातून माणसं बोलायला लागली. काकू माझ्याकडे वळून, भराभर, त्यांच्या बोलण्याला गाठत सांगत सुटल्या, ‘हा तुझा बाप, बॅटरी विझवा म्हणतोय. ही तू, पाणी मागतेस. आणि हे ऐक, हे ऐक, हे म्हणतायत साताठशे असतील, आणि मी म्हणतेय, अहो, ते तुम्ही एकच झाड मोजलंत!’